पिवळी नळी

कुमागाईसान गेल्यावर पाचव्या आठवड्यात
त्यांची निळी टर्बो गाडी पंपावर आली,
इतकी हळू, की मला वाटलं
कुणी ढकलत आणतंय.

आत फुसाएसान.
सीटवर उशी, उशीवर त्या,
आणि स्टिअरिंग असं धरलेलं
जणू उकळत्या पातेल्याचे कान.

ओगाच्या बंदरावर थंडीत वारा दार उघडू देत नाही.
काच चार बोटं खाली आली.
"हायओक्टेन. फुल."
आणि मी काही विचारलं नसताना,
"ह्यांनी कधी हलकं घातलं नाही हिच्यात."

मी कमरेतून वाकलो.
तेवढं माझ्या कामात बसतं.

खरं सांगायचं तर
सात वर्षं मी हिच्यात लाल नळीच घातली.
पेन्शन सुरू झाली त्या वसंतात
कुमागाईसान टायर बघायच्या निमित्ताने उतरले,
माझ्या कानाशी म्हणाले,
रेग्युलर भर. ओरड मात्र हायओक्टेन.
लिटरमागे अकरा येन, टाकीमागे साडेपाचशे.
टाकीचं तोंड उजवीकडे, बाई बसायच्या डावीकडे,
मांडीवर लोकरीचं काहीतरी.
मी छाती भरून ओरडायचो:
हायओक्टेन, फुल टँक!
छपरावरचे समुद्रपक्षी उडायचे.
खोट्याला एवढा आवाज लागतो
हे मला याच नोकरीत कळलं.

इंजिनाला मात्र फसवता येत नाही.
त्याच्या अंगाला एक कान असतो, अक्रोडाएवढा.
तो सिलिंडरातली खटखट ऐकतो,
वेळेआधी पेटलेला थेंब ओळखतो,
मग ठिणगी जराशी मागे ओढली जाते.
गाडी ब्र काढत नाही.
हातचं राखून धावते, एवढंच.
दीपगृहाच्या चढावर ती दम खायची
आणि कुमागाईसान म्हणायचे, वय झालं.
कुणाचं, ते म्हणायचे नाहीत.

त्या साडेपाचशेंचं ते काय करत, मला ठाऊक नाही.
डिसेंबरात एकदा डिकीत हाताहाता मासळीची पेटी दिसली,
गाभोळीने फुगलेली, महागातली.
"कोळ्याने दिली. फुकट,"
आणि माझ्याकडे न बघता त्यांनी डिकी लावली.

तर आता माझ्यापुढे दोन नळ्या.
लाल घालून पिवळीचे पैसे घ्यावेत, तर चोरी.
लालचे घ्यावेत, तर पावतीवर सगळं उघडं.
सांगून टाकावं का:
बाई, साडेपाचशे वाचतील,
ह्यांनीही वाचवले होते?
त्या हातमोजा दातात धरून
पाकिटातली नाणी मोजत होत्या.

मी पिवळी उचलली.
ओरडलो, तर घसाच बसला.
त्या वाक्याला खऱ्याची सवय नव्हती.

तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या.
उशी तीच. काच या वेळी पूर्ण खाली.
"दीपगृहाच्या चढावर," त्या म्हणाल्या,
"गाडी आपोआप वर जाते.
कुणी मागून हात लावावा तशी.
ह्यांच्या हाताखाली कधी अशी गेली नाही."
आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

त्या विचारत होत्या की सांगत होत्या
मला अजून कळलेलं नाही.
मी पुढची काच पुसली.
पुसलेलीच पुन्हा पुसली.

"हायओक्टेन ना? फुल?"
"फुल. आणि एवढं ओरडू नका हो.
मला ऐकू येतं.
तेव्हाही यायचं."

मग मी टोपी काढून रस्त्यात उभा राहिलो,
मासळीचा एक ट्रक थांबवला,
आणि त्यांना वाट करून दिली.